खालच्या पिंजऱ्यातली कोंबडी

सकाळपासून दुकानात बसलाय आणि ढिम्म हललेला नाही, काय म्हणावं या पोराला! कोंबड्यांच्या दुकानाची मालकीणबाई खालच्या पिंजऱ्यासमोर नाक दाबून उभी होती. मनगट दुखायला लागल्यापासून सुरी मुलाच्या हाती द्यायचं तिच्या मनात होतं. म्हणून तर आज दुकान त्याच्या एकट्यावर टाकून पाहिलं, आणि दुपारी येऊन बघते तर हे.

रक्त दिसलं की कोंबड्या आपल्यातल्याच जखमीला टोचून खातात. म्हणून या दुकानात पहिल्यापासून एकच कायदा होता: रक्ताळलेली आधी बाहेर काढायची. खालच्या पिंजऱ्यातल्या या कोंबडीला कुणी काढलंच नव्हतं. मागून फोडून तिचं आतडं बाहेर ओढलं होतं, दोघीजणी त्याची खेचाखेच करत होत्या, आणि ती डोळे मिचकावत अजून उभीच होती.

"दिसलं नाही का रे तुला?"

"दिसलं की. सकाळीच." मुलाने मोबाइलमधून मान वर केली नाही. "निसर्ग आहे तो, आई. जंगलात लांडगे हरणाला जिवंतपणीच खातात, तिथे जातेस का सोडवायला? त्यापेक्षा आपण बरे. एका घावात मोकळं करतो."

"मग करायचं होतंस ना मोकळं! हात काय गहाण टाकले होतेस?"

"गिऱ्हाइकं होती. आणि अशी फाटकी कोंबडी घेणार कोण? मेली असती आपोआप."

मालकीणबाईने सारा जन्म रक्तात हात घालून काढला, पण अशी किळस तिला कधी आली नव्हती. तिने कोंबडी उचलली, दुखऱ्या मनगटानेच सुरी फिरवली आणि फडफड थांबेपर्यंत तिला घट्ट धरून ठेवलं. मग कचऱ्याच्या टोपलीकडे वळली.

"अगं, टाकतेस काय?" मुलगा आता कुठे उठला. "मागचं काप, मांड्या चांगल्या आहेत. रात्री आपल्यालाच होतील."

तिने कोंबडी टोपलीत टाकली, सुरी धुतली, पुसली आणि स्वतःच्या कमरेला खोचली.

"लांडग्याकडे सुरी नसते रे. तुझ्या नाकासमोर टांगलेली होती. मनगट तुटलं तरी ही आता तुला मिळायची नाही. आणि माझ्या घरात तुझ्या ताटात मांस पडायचं नाही, आजपासून भोपळा गिळ. चल, तो पिंजरा धू आधी, मला बघवत नाही. तोही आणि तूही."