आधी बसून बघा

खुर्चीवाल्यांच्या दुकानात कायदा एकच: आधी बसून बघा. भाव विचारायचा नाही, लाकूड ठोकून बघायचं नाही, नुसतं बसायचं. घाईचं गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं तर गेलं. आणि बसलेला माणूस उठायचं विसरला, की खुर्चीवाले रंधा खाली ठेवून म्हणणार, "हां, ही तुमची!" हा अंदाज आजवर कधी चुकला नाही, निदान ते तसं सांगत.

आता लेकीला अर्थशास्त्राच्या पदवीसाठी दोन विद्यापीठांनी होकार दिला, तर या गृहस्थाने तिलाही हाच कायदा लावला. आता बोला! लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण एका जागी बसणं तिला जन्मापासून ठाऊक नव्हतं. एक विद्यापीठ घरापासून हाकेच्या अंतरावर, शिवाय नावाजलेलं. दुसरं रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर. तिथे गेली तर राहायचंही तिथेच. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. खुर्चीवाल्यांनी मनातल्या मनात जवळच्याला कौल देऊन टाकला होता, पण तोंडातून चकार शब्द नाही. गिऱ्हाईकाच्या मनात आपली आवड भरवायची नाही, हेही कायद्यातच होतं.

"नावाजलेलं दाराशी असताना लांब कोण जातं?" भेटायला आलेली आत्या म्हणाली. "बसून काय बघायचंय त्यात!"

"बघायला नको कसं?" खुर्चीवाले वरवर म्हणाले. मनात म्हणाले, ताई, तुझ्या तोंडात साखर पडो.

जवळच्या विद्यापीठात पालकांनाही तासाला बसता येत होतं. सभागृह असं देखणं, की खुर्चीवाल्यांना राहवेना. त्यांनी वाकून खुर्चीखाली डोकं घातलं, सांधा चाचपला आणि मोठ्याने म्हणाले, "वा!" नेमके तेव्हाच सर सांगत होते, की महागाई अजून वाढणार. अख्खं सभागृह वळून बघायला लागलं. भिंगरीने कपाळाला हात लावला. सर शिकवत चांगलं होते, पण तास संपायच्या आधीच ती अर्धी उठलेली होती.

"छान आहे, हेच घेऊ," ती बाहेर आल्यावर म्हणाली.

"दुसरं बघितल्याशिवाय? कायदा म्हणजे कायदा!" खुर्चीवाले बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

लांबच्या विद्यापीठात वर्ग लहान, बाकं डुगडुगती. खुर्चीवाले मनात खूश झाले. इतक्यात बाईंनी विचारलं, "वस्तू घेताना पैशाशिवाय आपण आणखी काय मोजतो?"

भिंगरीचा हात वर. "वेळ! आमच्या दुकानात बाबा गिऱ्हाईकाला अर्धा तास नुसतं बसवून ठेवतात. तो किमतीत धरायचा की नाही?"

बाई हरखल्या. "बाबा आलेत ना? मग त्यांनाच विचारू."

खुर्चीवाले उभे राहिले. "अहो, खुर्ची परत आली तर माझं नाव जातं. त्यापेक्षा अर्धा तास स्वस्त."

"स्वस्त तुम्हाला, बाबा! वेळ तर गिऱ्हाईकाचा जातो. आणि घाईचं गिऱ्हाईक निघून जातं, ते कशात धरता?"

वर्गात हशा पिकला. खुर्चीवाल्यांची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं धोक्यात आली. मग एकेक करत पोरं वादात उतरली, बाईंनी भिंगरीलाही कोंडीत पकडलं, तास संपला, वर्ग रिकामा झाला. बाई फळा पुसत होत्या आणि भिंगरी बाकावरूनच हातवारे करत त्यांच्याशी भांडत होती. त्या डुगडुगत्या बाकावर!

स्टेशनकडची बस पकडायला दोघं थांब्यावरच्या बाकावर येऊन बसली.

"बाबा, जवळचंच बरं," भिंगरी नजर चुकवत म्हणाली. "तुम्हाला साधा चहा तरी धड करता येतो का?"

नुसतं "हो, जवळचंच" म्हणायचं होतं. खुर्चीवाल्यांच्या ते अगदी ओठांवर आलं होतं.

"उठायचं विसरली होतीस तू," ते म्हणाले. "मी बघितलं. हीच तुझी."

"पण तुम्ही एकटे..."

"चहा शिकेन मी. जमलेली खुर्ची लपवून दुसरी गळ्यात मारली, तर मी कसला कारागीर? आणि कसला बाप?"

भिंगरीला रडू फुटलं, मग हसू आलं, मग त्यांच्या दंडाला बिलगून ती जी बोलत सुटली: त्या बाई, वसतिगृह, वादातला राहून गेलेला मुद्दा. समोर गाडी येऊन थांबली, माणसं चढली, गाडी निघूनही गेली.

"अगं बाई! बाबा, गाडी गेली! उठायचं विसरलात?" म्हणत भिंगरी अर्धी उठली आणि परत बसली.

"मग? कायदा सगळ्यांना सारखाच," खुर्चीवाले बाकाला पाठ टेकून म्हणाले. "येईल दुसरी. तू बोल."