शेजारची खुर्ची

“दाढी राहू द्या आज,” मास्तर म्हणाले आणि गळ्याभोवतीचा टॉवेल स्वतःच सोडायला लागले.

मास्तरांचं हे ‘आज’ गेली चार वर्षं चालू होतं. दादाने मान डोलावली, त्यांच्या मानेवरचे केस ब्रशने झटकले आणि विचारलं, “मशीन फिरवू का?” मशीनला मास्तरांची हरकत नव्हती. मशीनला कुणाचीच हरकत नसायची. त्या गुरगुरणाऱ्या डबड्याला धड धारही नव्हती, पण धाकटा भाऊ तुरुंगात गेल्यापासून दुकान मशीननेच तारलं होतं. एका भावाला गळा चिरल्याबद्दल जन्मठेप झालेली, अशा दुकानात दुसऱ्या भावापुढे गळा उघडा टाकायला काळीज वाघाचं लागतं, आणि गल्लीतली गिऱ्हाइकं तर साधीसुधी माणसं. दादाने त्यांना दोष दिला नाही. फक्त दुकानातलं बोलणं गेलं. दाढीला बसलेला माणूस सैलावतो, घरची गाऱ्हाणी सांगतो. मशीनखाली बसलेला गप्प असतो.

दुकान दोन खुर्च्यांचं. वडिलांनी जाताना दोघांना एकेक खुर्ची आणि एकेक वस्तरा दिला होता. लग्न दोघांचंही झालं नाही. दुकानामागच्या खोलीत दोघं राहायचे आणि भाजीत मीठ कुणी जास्त घातलं यावरून भांडायचे. आता दादा मीठ बेताचं घालायचा आणि एकटाच जेवायचा. धाकट्याची खुर्ची मात्र तो रोज सकाळी पुसून ठेवायचा.

झालं होतं ते असं. कोपऱ्यावरच्या घरात एक म्हातारे घड्याळजी एकटेच राहायचे, अंथरुणाला खिळलेले. धाकटा दिवसाआड त्यांची दाढी करायला घरी जायचा. त्या दिवशीही गेला, परत आला, ॲप्रन धुऊन वाळत टाकला. संध्याकाळी दूधवाल्याने आरडाओरडा केला. घड्याळजींचा गळा चिरलेला, कपाट सताड उघडं. धाकट्याचा वस्तरा कुठेच सापडेना. “तिथेच विसरलो,” धाकटा म्हणाला. तिथेही तो नव्हता. मारताना कुणी पाहिलं नव्हतं, पण आत जाताना सगळ्यांनी धाकट्यालाच पाहिलं होतं.

खटल्यात सरकारतर्फे दादाचीच साक्ष काढली. वस्तरा दुकानात होता का? नव्हता. आल्यावर आरोपीने ॲप्रन धुतला का? धुतला. विचारलं तेवढंच सांगायचं, असं सरकारी वकिलाने आधीच बजावलेलं होतं. धाकटा तर रोजच ॲप्रन धुवायचा, आणि दादा त्याला ‘आला आमचा धोबीघाट’ म्हणून चिडवायचा, हे त्याला कुणी विचारलंच नाही. धाकट्याच्या वकिलानेही नाही. दादा एक अक्षरही खोटं बोलला नव्हता. खरं बोलून त्याने भावाला आत घातलं होतं, आणि हे त्याला घासाघासाला आठवायचं.

म्हणून अपील करायचं ठरलं तेव्हा त्याने नव्या वकीलबाईंना पहिलं तेच सांगितलं. “मला परत साक्षीला उभं करा.”

“अपिलात पुन्हा साक्षी होत नाहीत, दादा. खालच्या कोर्टात जे नोंदवलंय, त्यावरच भांडायचं.”

“पण तो रोज ॲप्रन धुतो, हे त्या साहेबांना ठाऊकच नाही.”

“ठाऊक नाही, हेच मी त्यांना सांगणार आहे.”

दादाला हे काही झेपलं नाही. पण बाई चांगल्या होत्या, फोन उचलायच्या. त्याने विश्वास टाकला. एक गोष्ट मात्र त्याने बाईंनाही सांगितली नाही. भाऊ तसा नाही, हे तो चारचौघांत छातीठोकपणे सांगायचा, पण एकटा जेवायला बसला की मनात पाल चुकचुकायची. वस्तरा गेला कुठे?

सुनावणीला तो शेवटच्या बाकावर बसला. दोन न्यायाधीश होते. त्यांतल्या चष्मेवाल्यांनी कागदातून मान वर काढली. “ॲप्रन त्याच दिवशी धुतला, की एरवीही धुवायचा?”

“ते रेकॉर्डवर नाही, साहेब,” वकीलबाई म्हणाल्या. “सख्खा भाऊ साक्षीला होता. त्याला कुणी विचारलं नाही.”

दादा उठून उभा राहिला. तोंड उघडलं, तेवढ्यात शिपायाने खांदा दाबून त्याला खाली बसवलं. “रोज,” दादा पुटपुटला. शेजारचा माणूस थोडा सरकून बसला.

निकाल लागला तेव्हा बाईंनी त्याला व्हरांड्यात समजावून सांगितलं. नुसत्या परिस्थितीवरून शिक्षा द्यायची तर पुराव्याची साखळी कुठे तुटता कामा नये. इथे वस्तरा मिळाला नाही, घड्याळजींच्या घराचं मागचं दार उघडं होतं, तिथून कुणीही येऊ शकलं असतं. धाकटा सुटला होता.

“म्हणजे त्याने नाही केलं, असं म्हणाले ना साहेब?”

बाई कागद आवरत होत्या. “सिद्ध झालं नाही, असं म्हणाले. सुटायला तेवढं पुरतं.”

घरी राहायला तेवढं पुरतं का, हे त्यांना विचारून उपयोग नव्हता.

धाकटा आला. गालफडं बसलेली, बोलणं कमी. पहिल्याच दिवशी त्याने ॲप्रन धुऊन दारात वाळत टाकला, आणि जाणारे-येणारे त्याच्याकडे बघत गेले. मग तो आपल्या खुर्चीमागे उभा राहिला तो राहिलाच. गिऱ्हाईक यायचं आणि बाकावर टेकायचं. “दादांचं होऊ द्या, थांबतो मी.” धाकटा खुर्ची पुसायचा, पुन्हा पुसायचा. दादाला ते बघवेना. त्याला भाऊ नुसता घरात नको होता, शेजारी काम करताना हवा होता, पूर्वीसारखा.

एका रविवारी बाक भरलेलं होतं, मास्तरही होते. दादाने हातातलं गिऱ्हाईक उरकलं, हात पुसले आणि सरळ धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसला.

“दाढी कर.”

धाकट्याने मशीनकडे हात नेला.

“ते नको. माझा वस्तरा घे.”

धाकट्याने फेस केला, लावला. हात तोच होता, हलका. त्याच्या हाताखाली गिऱ्हाईक डुलक्या घ्यायचं, अशी त्याची ख्याती होती. दादाने ठरवूनच डोळे मिटले. कानापासून गालापर्यंत वस्तरा लोण्यातून फिरावा तसा फिरला.

“मान वर,” धाकटा म्हणाला.

दादाने मान वर केली. हनुवटीखाली पातं टेकलं आणि त्याचे डोळे आपोआप उघडले. समोर आरशात धाकटा त्याच्याकडेच बघत होता. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा डोळे मिटायला गेला, पण पापण्या ऐकेनात.

धाकट्याने वस्तरा उचलला, टॉवेलला पुसला, मिटला आणि आरशाखाली ठेवला.

“धार गेलीय याची, दादा,” तो बाकावरच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. “मशीननेच करतो.”

धार उत्तम होती. सकाळी धाकट्यानेच लावली होती.

“जुनी पाती टिकत नाहीत हल्ली,” मास्तर म्हणाले.

मशीन गुरगुरायला लागलं. आता कुठे दादाचे डोळे मिटले.