विमान भरलेलं दिसलं पाहिजे

विमानतळाची परिस्थिती इतकी बेताची होती की एसी फक्त विमान उतरताना लावत, आणि विमानाला उशीर आहे असं कळलं की पुन्हा बंद करत. पार्किंगची जागा ड्रायव्हिंग स्कूलला भाड्यानं दिली होती. पुस्तकांच्या दुकानाच्या गाळ्यात न्हावी बसायचा, आणि खरं सांगायचं तर अख्ख्या इमारतीत चालता धंदा तेवढा त्याचाच होता.

दिवसाला एक विमान यायचं, तेच परत जायचं. काउंटरवरच्या ताईंना दुसरं विमान हवं होतं. विमानतळाचं भलं वगैरे काही त्यामागं नव्हतं. नवरा गेल्यापासून घरात त्या आणि लेक, दोघीच. लेकीचं शिक्षण संपलं होतं आणि गावात काम नव्हतं. दुसरं विमान आलं तर काउंटरवर आणखी एक मुलगी लागेल आणि ती तुमचीच, असा शब्द मॅनेजरसाहेबांनी दिला होता. नाही आलं, तर लेक लांबच्या शहरात आत्याकडे जाणार. 

दुसरं विमान द्यायचं की आहे तेही बंद करायचं, हे ठरवायला कंपनीचा अधिकारी येणार असं कळलं, तेव्हा साहेबांनी सगळ्यांना बोलावलं.

"विमान भरलेलं दिसलं पाहिजे," साहेब म्हणाले.

"मग भर घालू की," बंबावरचा फायरमन म्हणाला.

'भर' ही तिथली जुनी रीत. प्रवासी कमी पडले की कर्मचाऱ्यांचे नातेवाईक फुकट पासावर विमानानं जायचे आणि बसनं परत यायचे. फायरमनच्या सासूबाई इतक्यांदा जाऊन आल्या होत्या की हवाईसुंदरी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करायची.

"पण या खेपेला हात हलवत कुणी यायचं नाही," साहेबांनी बजावलं. "खरे प्रवासी वाटायला हवेत. प्रत्येकाकडे बॅग, आणि बॅगेत वजन."

किती वजन, ते साहेब बोलले नाहीत. तिथंच माशी शिंकली.

नातेवाईक मंडळी मनापासून काम करणारी. आपल्यामुळे घात व्हायला नको म्हणून प्रत्येकानं सढळ हातानं बॅग भरली. साहेबांच्या मेव्हण्यानं विटा घातल्या. सासूबाईंनी शिलाई मशीन आणलं. न्हाव्याच्या भावानं व्यायामाचे डंबेल्स कोंबले, वर शोभेला एक टॉवेल.

वजनकाटा कण्हायला लागला. ताईंनी कपाळाला हात लावला असता, पण अधिकारी शेजारीच उभा होता.

"अहो, इथली माणसं नेतात तरी काय एवढं?" त्यानं विचारलं.

ताईंनी पुढच्या बॅगेला टॅग बांधला. "माल, साहेब," त्या म्हणाल्या. "इथल्या मालाला बाहेर फार मागणी आहे."

"कसला माल?"

"एकदम पक्का, चांगला भाजलेला," मागून मेव्हणा म्हणाला.

अधिकाऱ्यानं मान डोलावली. तेवढ्यात पायलट आला आणि म्हणाला की एवढं ओझं झेपणार नाही, एकतर माणसं ठेवा नाहीतर सामान. ताई डोळ्यांनी खुणावत राहिल्या, पण सासूबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं.

"आम्ही उतरतो की," त्या म्हणाल्या. "सामान जाऊ दे."

बाकीचे एका सुरात हो म्हणाले. बसचे धक्के वाचत होते, कोण नको म्हणेल? सगळ्या बॅगा पार्सल म्हणून बुक झाल्या आणि विमान गेलं. स्वतः मागं राहून माल पुढं पाठवणारी जनता अधिकाऱ्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. तो भारावूनच परतला.

निर्णय लवकरच आला. या भागात मालवाहतुकीला प्रचंड वाव आहे. प्रवासी विमान बंद, मालवाहू विमानं सुरू. मोठं गोदाम होणार आणि माणसं लागणार. साहेबांनी शब्द पाळला, गोदामाच्या काट्यावर ताईंच्या लेकीला घेतलं.

ताईंनी आनंदानं साहेबांचे हातच धरले. "आणि मी?" त्यांनी विचारलं.

"तुमची बदली. मुख्य विमानतळावर, काउंटरलाच." साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. "खोक्यांना बोर्डिंग पास लागत नाही हो, ताई."

लेक म्हणाली, "मग मीही येते तुझ्याबरोबर."

"हातात आलेलं काम सोडून? खबरदार! तिथं मला कंपनीची खोली मिळतेय, एका खाटेची. निवृत्तीपर्यंतचाच तर प्रश्न आहे." निवृत्तीला अजून पुष्कळ वर्षं होती, आणि ते दोघींनाही ठाऊक होतं.

शेवटच्या प्रवासी विमानाला सगळं गाव लोटलं. जन्मात विमानात न बसलेली माणसं तिकीट काढून आली. सगळी खरी. एसी सकाळपासून चालू होता.

काउंटर त्या दिवसापुरतं लेकीकडं दिलं होतं. गोदामाचा नवा गणवेश तिला खांद्यात ढगळ होता. ताई आपली बॅग काट्यावर ठेवून समोर उभ्या राहिल्या. लेकीला कवटाळून मनसोक्त रडावं असं त्यांना वाटत होतं, पण मध्ये काउंटर होतं. त्यांनी हात लांब करून तिची कॉलर सरळ केली. मग दुसरी बाजूही सरळ केली. मग पुन्हा पहिली.

"ताई, आटपा जरा," साहेब हळूच म्हणाले. "मागं रांग लागलीय."