पंखात अडकलेलं जाळं

इंजिनवाल्याने लांब काठीच्या टोकाला सुरी घट्ट बांधली आणि होडी पाण्यात लोटली. शेजारणीने दंडाला धरून त्याला किनाऱ्यावर आणलं होतं. समोर, जरा आत, हायड्रोफॉइल बोट पोट टेकून पाण्यात बसली होती. एरवी ती सकाळी इथून उडतच जायची. पोटाखालच्या पोलादी पंखांवर उचललेली, पाण्याला जेमतेम शिवणारी. आज एका पंखात वाहून आलेलं जाळं गुरफटलं होतं.

बोट चालवत होती त्याची लेक.

तीस वर्षं त्याने जुन्या, संथ बोटीच्या इंजिनखोलीत काढली होती. ती बोट बेटाबेटाला थांबायची. पंखांची बोट आली आणि जुनी भंगारात निघाली. नव्या बोटीचं सुकाणू कंपनीने दिलं ते नेमकं लेकीच्या हाती.

“माझ्या बोटीच्या मढ्यावर पाय देऊन चढलीस,” तो म्हणाला होता. तिने बॅग उचलली. त्याला तीन वर्षं झाली. पंखांना खोल पाणी लागतं, म्हणून बोट बेटाला लागत नसे, आणि लेकही. सकाळी बोट जायची वेळ झाली की तो खिडकीकडे पाठ करून चहा प्यायचा.

होडी बोटीला भिडवून त्याने काठी पाण्यात घातली. जाळं चिवट होतं. तो मान खाली घालून एकेक पीळ कापत राहिला. वर सुकाणूच्या खोलीच्या खिडकीतून लेकीने अर्धं अंग बाहेर काढलं होतं. थोड्या वेळाने तिने काच ओढून घेतली.

खांद्यावर काहीतरी टोचलं. कठड्यावरून वाकलेला खलाशी त्याला आकडी लावलेल्या काठीने ढोसत होता. त्याचे ओठ भराभर हलत होते.

“हळू बोल. तोंड इकडे ठेव.”

“अहो काका, मॅडम मघापासून हाका मारतायत! सहा महिने झाले, रोज तुमच्या घरासमोर आलं की भोंगा देतात. प्रवासी बोंबलतात, कंपनीने दोनदा तंबी दिली. तुम्ही एकदा तरी मान वळवाल की नाही? राग असावा माणसाला, पण इतका?”

“कुठला भोंगा?”

खलाशी हसला. मग त्याचं हसू विरलं.

इंजिनवाल्याने कानावर बोट ठेवलं. “दुकान बंद झालंय. वर्ष होऊन गेलं.”

“मॅडमना माहीत आहे?”

तो सुटलेलं जाळं होडीत ओढू लागला. ओलं, जड, शेवाळ धरलेलं. सगळं आत आल्यावर म्हणाला,

“तिला सांगू नकोस.”

खलाशी वळला.

“सांगितलंस तरी चालेल,” इंजिनवाला घाईघाईने म्हणाला, आणि आपला आवाज किती मोठा निघाला हे त्याला प्रवाशांच्या वळलेल्या मानांवरून कळलं.

खलाशी जिना चढून गेला. इंजिनवाल्याने होडी वल्हवून बाजूला घेतली. बराच वेळ बोट जागची हलली नाही. एक प्रवासी घड्याळ दाखवत कुणाशी तरी भांडत होता. सुकाणूच्या खोलीच्या काचेवर ऊन होतं; आतलं काही दिसत नव्हतं.

मग पाणी घुसळलं. बोटीने वेग घेतला, नाक उचललं आणि बघता बघता तिचं पोट पाण्यावेगळं झालं.

मागच्या उघड्या डेकवरच्या प्रवाशांनी एकदम कानांवर हात ठेवले. एका बाईने आधी कडेवरच्या मुलाचे कान झाकले. मघाचा घड्याळवाला वर तोंड करून ओरडत होता.

इंजिनवाला होडीत उभा राहिला. होडी कलली, तरी त्याने दोन्ही हात वर केले.

बोट बेटाला वळसा घालून दिसेनाशी होईपर्यंत कुणीच कानांवरचे हात काढले नाहीत.