शेवटचं अक्षर

पहिल्यांदा खटकलं ते इतकंच, की ती बाई दारात थांबली.

दुकानातून निघालेली माणसं दारात थांबत नाहीत. 'येते हं' म्हणतात, दार ओढतात, मी वाजते, आणि माझा आवाज विरायच्या आत ती रस्त्यावरच्या माणसांत मिसळून जातात. ही बाई मात्र दार अर्धवट उघडून मागे वळली आणि गल्ल्यावरच्या बाबांना म्हणाली, "हाच निळा सगळ्या खिडक्यांना पुरेल का, तेवढं बघून सांगा." नेमकं 'सांगा' म्हणताना तिच्या कोपराचा धक्का दाराला लागला. मी वाजले. आत आत्याचं शिलाई मशीन धडधडत होतं. बाबांनी मान डोलावली, बाई गेली.

"काय म्हणाली रे?" मशीन थांबवून आत्यानं विचारलं.

"काय म्हणणार? बघून सांगते, म्हणाली," बाबा म्हणाले. "म्हणजे गेली."

सांगते नाही हो, सांगा! मला वरून ओरडावंसं वाटलं. पण कुणी हलवल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि हलवलं तरी एकच शब्द फुटतो.

हो, ही मी दारावरची घंटी बोलतेय. पडद्यांच्या एका लहानशा दुकानात, दाराच्या आतल्या अंगाला, लवलवत्या पोलादी पट्टीवर बसवलेली, मुठीएवढी पितळी घंटी. दचकणं हाच माझा धंदा. दार उघडलं की दचकायचं, मिटलं की पुन्हा दचकायचं, आणि मधल्या वेळात आता कोण येतंय म्हणून जीव मुठीत धरून लोंबायचं.

हा स्वभाव मला जन्मापासूनचा. पितळ वितळवून साच्यात ओतणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथला कारागीर प्रत्येक घंटी कानाशी धरून वाजवायचा. जिचा आवाज बसका, तिची रवानगी परत भट्टीत. मला वाजवून तो जरा जास्तच वेळ थांबला. डोळे मिटून ऐकत राहिला. तेव्हा जी धाकधूक लागली, ती काही अजून गेली नाही.

मला निवडलं आत्यानं. ती बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती आपलं शिलाई मशीन घेऊनच. दुकान काढायचं ठरलं तेव्हा बाबांना आधी मोठी पाटी हवी होती. आत्या म्हणाली, पाटी रस्त्यावरच्यांसाठी असते, घंटी आत आलेल्यांसाठी, आधी घंटी आण. अशी मी दारावर चढले आणि आत्याचं मशीन आतल्या कोपऱ्यात, भिंतीला लागून बसलं. तिचं स्वतःचं म्हणून जे काही आहे, ते सगळं त्या कोपऱ्यात मावतं. कात्री, खडू, एक उशी घातलेली खुर्ची आणि दिवसभराचं काम.

इतकी वर्षं वरून बघत आलेय, तेव्हा माणसं मला बऱ्यापैकी कळतात. ज्याला घ्यायचं असतं तो कापडावर अख्खा तळवा फिरवतो. ज्याला नुसतं बघायचं असतं तो दोन बोटांच्या चिमटीत धरतो. नवराबायको आले की रंग बायको निवडते आणि नवरा, 'तुला आवडतंय ना, मग झालं,' असं म्हणून नापसंती दाखवतो. आणि जाताना सगळेच म्हणतात, 'येते.' नवी होते तेव्हा मला वाटायचं, केवढं भाग्याचं दुकान हे, इथून कुणी जातच नाही, जो तो येतोच म्हणतो! पुढे उलगडलं, की जाण्यालाच 'येते' म्हणतात.

हळूहळू माझे दोन आवाज एकमेकांच्या जवळ येऊ लागले. आत येतानाचा आणि बाहेर जातानाचा. पूर्वी त्या दोहोंमध्ये चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, ठाणंच्या ठाणं उलगडून व्हायची. आता पहिला आवाज नीट विरतही नसे की दुसरा होई.

अशा दिवसांत दुकानात येऊन बसू लागली ती बाबांची मुलगी. कॉलेज झालेलं, नोकरीचा पत्ता नाही. आत्या तिला 'दचके' म्हणून हाक मारते. लहानपणी इथे बसून अभ्यास करायची तेव्हा माझ्या प्रत्येक आवाजाला तिच्या हातून पेन पडायचं. मोठी झाली, पदवी मिळाली, पण दचकणं काही गेलं नाही. मला तिच्याबद्दल वाटतं ते त्यामुळेच. एका घरातल्या दोन दचक्या आम्ही.

तिनं केलेली पहिली सुधारणा या भीतीतूनच झाली. बाबांची खुर्ची दाराकडे पाठ करून होती, कारण त्यांना उजेड पेपरवर पडलेला हवा असे. दचकीला ते जमेना. मी वाजले की तिचा ठोका चुकायचा. म्हणून तिनं खुर्ची फिरवली, तोंड दाराकडे. आता काचेतून येणारं माणूस तिला माझ्या आधी दिसे आणि मी वाजेपर्यंत ती उठून उभी राहिलेली असे. आत येणाऱ्याला वाटे, आपल्यासाठी उभी राहिली! माणसं थबकू लागली, बसू लागली. तिचं तिलाच कळेना, हे कसं झालं.

मग तिचं लक्ष बाबांच्या 'काय पाहिजे?'कडे गेलं. "तुझा बाबा असं विचारतो," आत्या म्हणाली, "जसं काही समोरचा चोरी करताना सापडलाय." दचकीनं ते सोडलं आणि विचारू लागली, 'कुठल्या खोलीसाठी?' एवढ्यानं केवढा फरक पडला! माणूस लगेच आपल्या घरात जाऊन पोचतं. आमची बैठकीची खोली पश्चिमेला आहे, दुपारी नुसती भाजते. मुलाला सकाळी उजेड आला की झोप येत नाही. समोरच्या गॅलरीतून एक आजोबा सारखे डोकावतात. काय दाखवायचं ते यातूनच कळतं. बाबा पूर्वी कपाटच्या कपाट खाली करायचे आणि गिऱ्हाईक गांगरून जायचं. ती तीन कापडं काढते.

आणि ती टेबलावर पसरत नाही. पसरलेलं कापड चादरीसारखं दिसतं, तिचं म्हणणं, पडदा तर उभा असतो. तिनं दर्शनी काचेवर एक दांडी लावून घेतली. कापड त्यावर टांगायचं, मागून उजेड येऊ द्यायचा. टेबलावर मरगळलेला करडा रंग तिथे उजळतो आणि टेबलावर झोकात दिसणारा लाल तिथे अंगावर येतो. गिऱ्हाईक आपणच मान हलवतं, ते नको, हे.

मापाचा घोळ तर जुनाच होता. लोक खिडकीची काच मोजून यायचे, दांडी कुणी मोजायचंच नाही. शिवलेला पडदा लावला की खिडकीनं उटंगी विजार घातल्यासारखं दिसायचं आणि शिव्या आत्याला बसायच्या. दचकी टेप घेऊन स्वतः घरोघर जाऊ लागली. परक्या दारांवर माझ्या विजेवरच्या चुलत बहिणी असतात म्हणे, त्या हिलाच दचकवतात. एकदा कुत्र्याला घाबरून ती खुर्चीवर चढली आणि वर चढलीच आहे तर तिनं दांडीचं मापही घेऊन टाकलं. हे ऐकताना आत्या इतकी हसली की सुई तुटली.

भाव सांगायची रीतही बदलली. बाबा मीटरचा भाव सांगायचे. माणूस मनात गुणाकार करत बसायचं, शिलाई वेगळी, हूक वेगळे, लावायची मजुरी वेगळी, आणि कपाळाला आठ्या घेऊन उठायचं. ती सांगते, एका खिडकीचं सगळं मिळून इतकं, लावून देईपर्यंत.

बाबांना हे सगळं रुचलं का? तोंडानं नाही. "एवढी वर्षं मी काय झोपा काढल्या का इथे?" असं ते आत्याला दोनतीनदा म्हणाले. पण मुलगी मापाला गेली की ते खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरवत नाहीत, हे मी पाहिलंय.

तरी मोठं काम येईना. माणसं बसत, बोलत, मापं देत, भाव ऐकत, आणि दारात येऊन म्हणत, 'बघून सांगते.' तिथून पुढे काही नाही. बाबांचा दंडक होता, गिऱ्हाईकाच्या मागे लागायचं नाही. दारापर्यंत पोचवायचं, नमस्कार करायचा, संपलं. आत्याच्या मते हे म्हणजे अख्खी शिवण घालून शेवटची गाठ न मारता दोरा तोडण्यासारखं होतं.

दचकीलाही हे कळत होतं. पण फोन करायचा तिला धीर होईना. दुपारी बाबा जेवायला गेले की ती कुणाचा तरी नंबर लावी आणि पलीकडे घंटा वाजायला लागली की झटकन बंद करी. "आपल्याला कुणी विकायला फोन केला तर आपण काय करतो गं आत्या?" ती म्हणायची. "कट करतो." 'बघून सांगते' हा नकाराचाच गोड शब्द आहे, अशी तिची आणि बाबांची दोघांची खात्री होती.

आता कळेल तुम्हाला, दारात थांबलेल्या त्या बाईनं माझा जीव का टांगणीला लावला ते. तिचं पाळणाघर होतं, नवी जागा घेतलेली, खिडक्याच खिडक्या. दचकीनं जाऊन सगळी मापं आणली होती. मुलांना दुपारी झोप लागेल असा उजेड हवा, एवढंच बाईचं मागणं. ती कापड ठरवायला आली त्या दुपारी दचकी दुसऱ्या घरी मापाला गेली होती. निळा तिनं तळव्यानं पाहिला, दोन बोटांनी नाही. दारात वळून जे म्हणाली ते नेमकं मी ऐकलं, कारण मी तिच्या डोक्यावरच होते. 'सांगा' म्हणाली. सांगायचं आपण होतं, आणि दुकानातली सगळी माणसं तिच्या सांगण्याची वाट बघत बसली होती. दार उघडलं की मी जिवाच्या आकांतानं वाजे. कुणाला काय कळणार त्यातलं!

त्यातच शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला येऊ लागला. माणूस वाईट नाही. त्याला मधली भिंत पाडून दुकान वाढवायचंय. हे दुकान देता का, असं त्यानं रीतसर विचारलं आणि बाबांनी थकून सांगितलं, आठवडाभरात कळवतो. परवा आत येऊन त्यानं आत्याच्या कोपऱ्याकडे बोट करून, इथे काउंटर बसेल, असं सहज म्हटलं. आत्यानं तेलाची बुधली घेतली आणि सकाळीच तेल घातलेल्या मशीनला पुन्हा तेल घालत बसली. घरी मशीन ठेवायला जागा नाही, हे तिला ठाऊक आहे. बाबांना ठाऊक आहे. मलाही.

आज त्याला उत्तर द्यायचंय. निळं ठाण बाबांनी कपाटात परत ठेवलेलं नाही, ते अजून टेबलाच्या कडेला उभं आहे. दचकी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती.

"बाबा, त्या पाळणाघरवाल्या बाईंना विचारू का?"

"बघून सांगते म्हणाली ना ती. मागे लागायचं नाही."

मशीन थांबलं. आत्या म्हणाली, "अरे, मी तापानं पडले की तू दारातून विचारतोस, बरं वाटतंय का. तेव्हा काय तू माझ्या मागे लागतोस?"

बाबांनी पेपर उघडला. पण नाही म्हणाले नाहीत.

दचकीनं फोन घेतला. आत्यालाही ऐकू जावं म्हणून तिनं आवाज मोठा करून तो टेबलावर, ठाणाशेजारी ठेवला. नंबर लागला. वाजत राहिला. आपोआप बंद झाला. तिनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं मानेनंच खुणावलं, पुन्हा लाव.

ती पुन्हा लावतेय. एवढ्यात दार उघडतं, मी वाजते, आणि शेजारी आत येतो. दचकी जागच्या जागी उडते, पण बंद करायला गेलेला हात मागे घेते. शेजारी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा त्याच्यासमोर हात करतात. "थांब जरा," ते म्हणतात. "पोरगी बोलतेय."

ती अजून काहीच बोलत नाहीये, फक्त पलीकडे घंटा वाजतेय. कुणा अनोळखी घरातली माझ्याच जातीची ती, मी ऐकतेय तिला. तोवर तुम्हाला सांगते. दुकान तुमचं असो नाहीतर आणखी कुणाचं, माणूस दारात वळून काही म्हणालं तर उठून जवळ जा. पुन्हा एकदा विचारा. आम्ही घंट्या वाजतो त्या कुणी आलं एवढं कळवायला. ते काय म्हणालं, हे आम्हाला सांगता येत नाही.

पलीकडची घंटा मध्येच तुटते. लहान मुलांचा गलका, कुणीतरी रडतंय, आणि त्यातून एक बाई धापा टाकत बोलते,

"हॅलो, पडदेवाल्या ताई ना? अहो, बघून सांगणार होतात ना तुम्ही?"