एकाच वजनाखाली

तळवलीजवळच्या किटल्यांच्या कारखान्यात प्लास्टिक तपासायचं तेलाचं यंत्र बरेच दिवस नादुरुस्त पडून होतं. ते शनिवारी दुपारी सुरू झालं, आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सुमेधा गायकवाडने सगळ्यात आधी त्यात टाकलं ते विजेच्या किटलीच्या मुठीचं प्लास्टिक.

काम तसं सोपं. प्लास्टिकची पट्टी दोन टेकूंवर आडवी ठेवायची, मधोमध वजनाचा दाब द्यायचा आणि भोवतीचं तेल सावकाश तापवत न्यायचं. पट्टी ठरावीक वाकली की तापमान टिपायचं. असा आकडा प्रत्येक पुरवठादार आपल्या मालाच्या पत्रकावर छापतो.

मुठीसाठी दोन प्लास्टिकं समोर होती. एकाच्या पत्रकावर शंभर अंश होते, दुसऱ्याच्या अठ्ठ्याऐंशी. मॅनेजर नंदकिशोर सबनीस यांनी शंभरवालं निवडलं आणि नमुन्याच्या मुठीही ओतून घेतल्या. सुमेधा तेव्हाच म्हणाली होती, "सर, दोघांनी एकाच वजनाखाली मोजलंय का, ते पत्रकात दिलेलं नाही. आपण करून बघू या."

"शंभर मोठे की अठ्ठ्याऐंशी?" सबनीस हसले होते. "उगाच टेन्शन घेऊ नका."

यंत्रात तीन पट्ट्या एकदम बसत. सुमेधाने दोन्ही प्लास्टिकांवर जड वजन लावलं आणि तिसऱ्या जागी शंभरवाल्याचीच आणखी एक पट्टी हलक्या वजनाखाली ठेवली. तेल तापू लागलं. पन्नास गेले, पंचावन्न गेले. अठ्ठावन्नला शंभरवाल्याने जड वजनाखाली मान टाकली. दुसरं प्लास्टिक अठ्ठ्याऐंशीपर्यंत ताठ राहिलं. आणि हलक्या वजनाखालची पट्टी वाकली तेव्हा तेल शंभरावर पोचलं होतं.

म्हणजे कुणीच खोटं बोललं नव्हतं. एकाने हलकं वजन ठेवून मोजलं होतं, दुसऱ्याने जड. आणि काठोकाठ भरलेली किटली काही हलकी नसते.

"सबनीस साहेब कुठेत?" तिने साचे बनवणाऱ्या दिलीपला विचारलं.

"घरी गेले ना, वाशीला. नमुन्याची किटली घेऊन गेलेत. वहिनींचं हळदीकुंकू आहे. बोलले, सगळ्या बायकांना आज त्यातलाच चहा."

सुमेधाने साहेबांच्या घरचा नंबर फिरवला. फोन मुका. पुन्हा फिरवला, तरी मुकाच. कारखान्यात त्या किटलीत एकदाच पाणी उकळून बघितलं होतं, तेव्हा मूठ टिकली होती. पण पाठोपाठ उकळ्या येत राहिल्या की किटलीला जोडलेलं मुठीचं मूळ तापत जाणार, आणि पाहुण्या तर येतच राहणार.

"दिलीप, स्कूटर काढा."

"आता? झालं काय मॅडम?"

"ती मूठ वाकणारे."

दिलीपने स्कूटरला किक मारली. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. तो कडेच्या खडीतून गाडी घालत होता आणि सुमेधा मागे स्टेपनी घट्ट धरून बसली होती. तुर्भ्याला एक टँकर आडवा झाला, तेव्हा तिला उतरून पळत सुटावंसं वाटलं.

सबनीसांच्या घराबाहेर चपलांचा ढीग होता. दार उघडंच होतं. चारुलताबाई, साहेबांच्या पत्नी, भरलेली किटली उचलून बायकांमधून वाट काढत होत्या. खाली सतरंजीवर शेजारच्या म्हाताऱ्या सुंदराबाई बसल्या होत्या, मांडीवर नातीला घेऊन.

"वहिनी, खाली ठेवा ती!"

चारुलताबाई दचकून वळल्या. मूठ स्क्रूपाशी वाकली, आणि किटली सुंदराबाईंच्या बाजूला कलली. सुमेधा धावली. तिने दोन्ही तळहातांनी किटलीचं उघडं पोट धरलं. भाजलेलं कळायला क्षण गेला, मग मस्तकात कळ गेली, पण तिने हात सोडले नाहीत. किटली टेबलावर टेकवली आणि मगच हात काढले. पाणी सांडलं ते फरशीवर.

"अगं, हात बघू! पाणी आणा कुणीतरी, गार पाणी!" चारुलताबाई ओरडल्या.

सबनीस आतल्या खोलीतून धावत आले. वाकडी मूठ बघून त्यांचा चेहरा उतरला, तरी पहिलं वाक्य निघालं ते असं: "बायकांसमोर हा तमाशा कशाला? फोन करायचा होता."

"फोन बंद आहे, सर." सुमेधाचे हात बादलीत होते. "जड वजनाखाली तुमचं प्लास्टिक अठ्ठावन्नलाच वाकतं."

"अहो, या पोरीने आज कुणाला वाचवलंय ते तरी बघा," चारुलताबाई म्हणाल्या. सुंदराबाईंनी नातीला घट्ट छातीशी धरलं होतं. सबनीस त्यांच्याकडे बघून हळूच म्हणाले, "चला, डॉक्टरकडे जाऊ."

सोमवारी ते स्वतः प्रयोगशाळेत आले. सुमेधाच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या.

"साचा थांबवलाय," ते म्हणाले. "मग आता अठ्ठ्याऐंशीवालं घ्यायचं?"

हो म्हटलं असतं तर सगळे सुटले असते. सुमेधालाही क्षणभर मोह झाला.

"नाही, सर. मुठीचं मूळ नक्की किती तापतं तेच आपल्याला माहीत नाही. ते नव्वदीत गेलं तर हेही वाकेल. आधी ते मोजू. मग सगळी प्लास्टिकं एकाच वजनाखाली, आपल्याच यंत्रावर."

दिवाळीच्या आत किटली बाजारात आणायचा शब्द सबनीसांनी वरिष्ठांना दिलेला होता. तरी त्यांनी बाह्या दुमडल्या.

"तुम्हाला हाताने काही धरता येणार नाही," ते म्हणाले. "काय कुठे जोडायचं, सांगा."

तिने सांगितलं, आणि त्यांनी तापमान मोजायची तार मुठीच्या मुळाशी स्क्रूच्या भोकात बसवून किटली चालू केली.