वाढलेलं पान

दार सताड उघडं होतं, तरी श्रीनिवास आगाशे यांनी बेल दाबली. ती वाजली नाही. बेल दुरुस्त करून देतो असं आपणच भाडेकरूला मार्च महिन्यात कबूल केलं होतं, हे आठवून त्यांनी बोट मागे घेतलं आणि चपला काढल्या. स्वतःच्या सदाशिव पेठेतल्या दारावर मात्र त्यांनी 'बेल एकदाच वाजवावी, दुपारी मुळीच वाजवू नये' अशी पाटी लावलेली होती.

खराडीचा हा फ्लॅट त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतला होता. तीन वर्षं तिथं सू-जिन नावाची कोरियन इंजिनिअर भाड्याने राहत होती. आज तिच्या देशातला मोठा सण. भाद्रपदी पौर्णिमेलाच येतो, म्हणाली होती. ऑफिसातल्या मैत्रिणी येणार आहेत, तुम्हीही जेवायला या. एरवी त्यांनी काहीतरी सबब सांगितली असती. पण सकाळीच टोरांटोहून लेकीचा, राधाचा फोन येऊन गेला होता, आणि घरात बसून तो विषय चघळण्यापेक्षा परदेशी जेवण परवडलं.

विषय जुनाच. पितृपक्ष सुरू होतोय, बाबा, या वर्षी तरी आईचं कराल का? मंदाकिनीबाईंनी जाण्याआधी इस्पितळात नवऱ्याकडे एवढंच मागितलं होतं: भटजी नको, पिंड नको, पण नवमीला माझ्या नावानं एक पान वाढा, आणि ते कुणीतरी जेवलं पाहिजे.

"मेलेली माणसं जेवत नाहीत," असं श्रीनिवासराव त्यावर म्हणाले होते.

असं ते नेहमीच बोलत आणि मंदाकिनीबाई नेहमी हसत. त्या दिवशी हसल्या नाहीत. त्यानंतर दोन नवम्या आल्या. दोन्ही वेळा श्रीनिवासराव खानावळीत जेवून आले आणि तत्त्वाला जागल्याचं समाधान त्यांनी मानून घेतलं.

आत दिवाणखान्यात कुणी नव्हतं. कालपासून चाललेल्या विसर्जनाच्या मिरवणुकीतून वाट काढायला दुपार होईल या हिशेबानं ते पेठेतून निघाले होते. रस्ता लवकर मोकळा झाला आणि ते फारच आधी पोचले होते. बुटक्या मेजावर एकच पान वाढलेलं होतं. भात, सूप, मुळा, दोन-तीन भाज्या. मागे उभट कागदावर कोरियन अक्षरांत काही लिहिलेलं, मेनू असावा. भातात चमचासुद्धा उभा खोचून ठेवला होता. वयाचा मान ठेवायची पद्धत आहे यांच्यात, हे बरं आहे. गॅलरीचं काचेचं दार बंद होतं आणि पलीकडे चारपाच मुली पाठ फिरवून गप्प उभ्या होत्या. मोबाइलवर असणार.

वाढलेलं पान निवू देऊ नये, हा श्रीनिवासरावांच्या घरातला नियम होता. ते मांडी घालून बसले, चमचा उपसला आणि जेवू लागले. मासा नव्हता. करारात आपण घातलेली मांसाहारबंदी पाळली गेल्याचं पाहून त्यांनी मान डोलावली.

मग उकडीच्या छोट्या करंज्या हाती लागल्या. आत तीळ आणि गूळ. पहिली तोंडात टाकली आणि हळदीच्या पानाचा वास आला. मंदाकिनीबाईंचं माहेर गुहागरचं; हळदीचं पान मिळालं नाही, तर त्या मोदकाला मोदक म्हणत नसत. श्रीनिवासरावांचा हात थांबला. मग त्यांनी दुसरी घेतली, तिसरी घेतली, आणि खाली मान घालून एकेक करत सगळ्या संपवल्या.

काचेचं दार सरकलं. पाच जणी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"काका," अपेक्षा म्हणाली. ती सू-जिनच्या ऑफिसातली, नागपूरची; भाडेकराराच्या वेळी साक्षीदार म्हणून तीच पेठेत आली होती. "ते पान तुमचं नव्हतं."

पुढचं तिनं हळू आवाजात सांगितलं. पान सू-जिनच्या वारलेल्या आईचं होतं. दार तिच्यासाठी उघडं होतं. ती जेवत असताना तिच्याकडे बघायचं नसतं, म्हणून या पाठमोऱ्या. कागदावर तिचं नाव होतं.

"आणि तिला मासा आवडायचा," अपेक्षा म्हणाली. "तो या घरात चालत नाही, म्हणून मुळा केला."

श्रीनिवासराव उठायला गेले. तेवढ्यात सू-जिन समोर येऊन बसली. तिनं रिकामी वाटी उचलली, आत पाहिलं.

"दरवर्षी मी दार उघडते, पाठ फिरवते," ती इंग्रजीत म्हणाली. "वळून बघते तर सगळं तसंच. मग डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवते." तिनं वाटी तिरकी करून त्यांना दाखवली. "आज पहिल्यांदा संपलं."

श्रीनिवासरावांना यावर म्हणण्यासारखं एक वाक्य तयार होतं. ते न म्हणता ते पाणी प्यायले. मग त्यांनी हळदीच्या पानाबद्दल विचारलं. तिकडे पाइनच्या पानांवर उकडतात, ती इथं कुठून मिळणार. अपेक्षानं मंडईतून हळदीची आणून दिली होती.

बाकीच्या मंडळींची पंगत मग झाली. श्रीनिवासराव एका कडेला बसून राहिले. निघताना दारात चपला घालता घालता त्यांनी बंद बेलकडे एकदा पाहिलं.

"उद्या माणूस पाठवतो," ते म्हणाले. "आणि नवमीला दुपारी दोघी पेठेत जेवायला या. एक पान वाढायचं आहे. स्वयंपाक मी करणार, तेव्हा चवीची हमी नाही."

"कुणाचं पान, काका?"

"मंदाकिनीबाईंचं."

अपेक्षानं ते सू-जिनला सांगितलं. सू-जिननं वाकून मान लववली.

"पण दुपारी तुमच्याकडे बेल वाजवायची नाही ना?" अपेक्षा म्हणाली. "पाटी आहे तुमची."

"नाहीच वाजवायची," श्रीनिवासराव म्हणाले. "दार उघडं असेल. आत या, बसा, जेवा. मी मागच्या गॅलरीत असेन."